मंत्रिमहोदय, आमची रिंग चार इंच खाली आली आहे

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आपल्याला आठवत नसेल, म्हणून आठवण करून देते. अडीच वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आपण आमच्या कॉलेजच्या पारितोषिक वितरणाला आला होता. भाषण संपल्यावर कुणीतरी आपल्या हातात बास्केटबॉल दिला. तीन वेळा हुकला, चौथ्या वेळी बोर्डाला लागून आत गेला. टाळ्या थांबायच्या आत आपण माईक परत मागून घेतलात आणि म्हणालात, "मुलींनो, पुढच्या सीझनला तुम्ही सिंथेटिक कोर्टवर खेळणार. हा माझा शब्द." माझ्या टीमच्या मुली पुढेच सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्यांनी घरी जाऊन सांगितलं. एकीने तर त्या शब्दाच्या भरवशावर वडिलांकडून चांगले बूट मागून घेतले. 3,200 रुपयांचे, तीन हप्त्यांत.

तो पुढचा सीझन गेला. त्याच्या पुढचाही गेला. आता तिसरा दारात आहे, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आंतरमहाविद्यालयीन सामने आहेत, आणि गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासहाला त्याच बूटवालीचा गुडघा गेला. म्हणून हे पत्र.

आमची सेंटर आहे ती, म्हणजे रिंगखाली खेळणारी उंच खेळाडू. एस.वाय.ला, उंची पाच फूट आठ. ले-अप मारायला, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून बॉल टाकायला, उजवीकडून सुटली, बॉल आत गेला (हे मुद्दाम लिहिते, दवाखान्यात तिने मला दोनदा विचारलं) आणि त्याच वेगात बेसलाइनच्या, म्हणजे रिंगमागच्या रेषेच्या, बाहेर गेली. रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा सोडावी असा नियम आहे. आमच्याकडे तीन फुटांवर आपल्या कृपेने आलेली ओपन जिम आहे. हवेत चालायचं ते हिरवं-पिवळं मशीन असतं ना, ते. त्याच्यावर आपटू नये म्हणून तिने अंग वळवलं, पाय पेव्हर ब्लॉकच्या कडेवर पडला, अंग फिरलं आणि पाय जागीच राहिला. ओला फोक मोडावा तसा आवाज झाला. पलीकडच्या रिंगखाली उभ्या मुलींनीही ऐकला. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, बूट फाटला का बघा ना."

एमआरआयला साडेसहा हजार गेले. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलंय. ऑपरेशन, आणि मग किमान नऊ महिने मैदान नाही. तिचे वडील टमटम चालवतात. ऑपरेशन कार्डावर बसतं का याची चौकशी चालू आहे. विद्यार्थ्यांच्या विम्याचं विचारलं, तर अपघात मैदानावरच झाल्याचा पंचनामा आणा म्हणाले. पंच कोण घेऊ? हवेत चालायचं मशीन घेऊ?

आता तुम्ही विचाराल, सिंथेटिक कोर्टच्या जागी ओपन जिम कशी आली. (आदराचा 'आपण' इथपर्यंत टिकला, पुढे टिकेल असं वाटत नाही.) तुमच्या शब्दानंतर दहा महिन्यांनी एक ट्रॅक्टर आला. आम्हाला आनंद झाला, मुलींनी ट्रॅक्टरसोबत सेल्फी काढले. चार दिवसांत जुन्या कोर्टवर सिमेंटचा नवा थर पडला, कडेने पेव्हर ब्लॉक बसले, दोन्ही बाजूंना व्यायामाची सहा मशिनं रोवली गेली, आणि गेटवर फलक लागला. फलकावर तुमचा फोटो माझ्या सेंटरपेक्षा उंच आहे.

पण खरी गंमत वेगळीच आहे. रस्त्याकडच्या बाजूला उतार होता, तो काढायला तिथे थर जाड टाकला. खांब मात्र होते तिथेच, होते तेवढेच. म्हणजे जमीन वर आली आणि रिंग खाली. मी स्वतः टेप लावून मोजलंय, तीन वेळा: नऊ फूट आठ इंच. दुसऱ्या बाजूची बरोबर दहा फूट. 1891 मध्ये अमेरिकेत, स्प्रिंगफील्डच्या एका जिमखान्यात, नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, मोठ्यांच्या सामन्यांत ती अजून तिथेच आहे. आमच्या ठेकेदाराने एका दुपारी हलवली.

चार इंचांनी काय होतं, असं मला तुमच्याच एका माणसाने विचारलं. सांगते. मुलगी रोज शंभर शॉट मारते, हाताला सवय होते, मनगट आपोआप ठरवतं किती जोर द्यायचा ते. सवय लागली नऊ-आठची. मग सामन्याला गेली की दहाच्या रिंगवर तिचा प्रत्येक शॉट पुढच्या कडेला लागून परत. मागच्या वर्षी पहिल्याच सामन्यात आमचे फ्री थ्रो असेच गेले, सोळातले पाच आत. समोरची टीम हसत होती. आता आम्ही शूटिंग फक्त एकाच रिंगवर करतो, आठ मुली एका रांगेत. खालच्या रिंगवर फक्त डिफेन्स. तुम्ही मात्र आलात तर त्या खालच्या रिंगवर टाका, यंदा पहिल्याच प्रयत्नात जाईल.

बॉलचंही तेच. मुलींचा बॉल सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा. घेर इंचभर जास्त, वजनात पन्नास-साठ ग्रॅमचा फरक. हे मी दरवर्षी मागणीपत्रात लिहिते. दरवर्षी सात नंबरचे येतात, कारण "मुलं-मुली दोघांना चालतील". चालत नाहीत साहेब. दोन बॉल मी माझ्या पैशाने घेतलेत आणि ते रात्री माझ्या घरी, पलंगाखाली झोपतात.

आता पैशाचं बोलूच. आमच्या कॉलेजात तीनेक हजार मुलं आहेत. प्रत्येकाच्या पावतीवर जिमखाना फी असते, दोनशेच्या आसपास धरा. म्हणजे सहा लाख झाले. माझा आकडा पन्नास हजार इकडेतिकडे असेल, पावतीपुस्तक मला कुणी दाखवत नाही. मागच्या वर्षी मुलींच्या बास्केटबॉलला मिळाले 14,000. त्यात दोन वेळचा प्रवास, बारा किट आणि ग्लुकोज. बाकीचे कुठे गेले हे विचारलं तर सांगतात, मॅडम, नॅकची तयारी आहे. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या, टीमला दाखवायला आमचाच फोटो लागतो. जुन्या किटवर, नव्या सिमेंटवर.

आणि मी? मी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहे, मॅनेजमेंटच्या पगारात. मे महिन्यात ऑर्डर संपते, जूनमध्ये पुन्हा मिळते, मिळालीच तर. अशा चौदा ऑर्डरी फाईलला लावल्यात. पगाराचा आकडा लिहीत नाही, लाज मला नको, दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी. नेट झालंय, एम.पी.एड. झालंय. कायम जागेची जाहिरात येणार, येणार म्हणता म्हणता वय निघून गेलं. शिवाजी विरुद्ध अमुक आणि पुणे विरुद्ध तमुक अशा विद्यापीठांच्या सामन्यांत पश्चिम विभागापर्यंत खेळलेली बाई आहे मी. माझाही डावा गुडघा असाच गेला होता, एकवीस वर्षांपूर्वी. तेव्हा एमआरआय वगैरे कुणी सुचवलं नाही. आईने हळदीचा लेप लावला, सरांनी क्रेप बँडेज दिलं, पंधरा दिवसांनी मी खेळले, आणि पुन्हा गेला. आज जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मंगळवारी तो आवाज आला तेव्हा मला आधी माझाच गुडघा दुखला. खोटं नाही सांगत.

त्या संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच नादी लावलंत तिला." काय उत्तर देऊ? लावलंच की. दहावीनंतर लग्नाचं बोलत होते, मीच जाऊन बसले, खेळाचे गुण मिळतात म्हणाले, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे म्हणाले. तुमच्या सरकारी योजनांची फुकटची प्रचारक मी. आता ती आई विचारते, नऊ महिन्यांनी लंगडली तर पोरीला करून घेणार कोण. माझ्याकडे शासननिर्णय आहे, उत्तर नाही.

ऑलिम्पिक पदक आलं की तुम्ही सगळे विमानतळावर हार घेऊन उभे असता, कोटींचे आकडे जाहीर होतात. होऊ देत, त्या खेळाडूंनी कमावलंय ते. पण खेळाडू विमानतळावर तयार होत नाहीत. नागपाड्यात बघा, मुंबईच्या दाटीत. मस्तान वायएमसीएचं कोर्ट आहे, आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरं पिढ्यान् पिढ्या तिथे खेळली. त्याच वस्तीतले अब्बास मुंतासिर भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आधी कोर्ट होतं, मग खेळाडू आले. आमच्या मुलींच्या मोबाईलवर भारताकडून खेळलेल्या, पुण्याच्या शिरीन लिमयेचे व्हिडिओ असतात. बास्केटबॉलपटू प्रशांती सिंहला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, ते कात्रण आमच्या स्टोअररूमच्या दारावर चिकटवलेलं आहे. 2017 ला आपल्या मुलींनी बंगळुरूमध्ये आशिया कपचा 'ब' गट जिंकला, तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला तर वाटतं या राज्यात खेळाचं खातं म्हणजे उद्घाटनाचं खातं. नारळ फुटतो, फीत कापतात, कुलूप लागतं. किल्ली कुणाकडे असते हे कुणालाच ठाऊक नसतं. जे उघडं राहतं तिथे लग्न, गरबा, नाहीतर सभा. आमच्या कोर्टवर मांडवाच्या बल्ल्यांची अकरा भोकं होती, ती मात्र नव्या सिमेंटने बुजली. एवढं श्रेय घ्या.

ओपन जिमवर व्यायाम कोण करतं ते तरी ऐका. सकाळी साडेसहापासून पोरं येऊन मशिनांवर बसतात, मोबाईल हातात, तोंड कोर्टकडे. माझ्या मुली ऑगस्टच्या दमट हवेत शॉर्ट्सवर ट्रॅक पँट घालून धावतात. जुलैत निवडीला चौदा जणी आल्या होत्या, दुसऱ्या आठवड्यात नऊ उरल्या. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मंगळवारपासून आठ. नियमाने बारा जणी नेता येतात. पाच फाऊलला खेळाडू बाहेर जाते, तेव्हा बाकावर तिघी असणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. तुमच्याकडे बाकावर बसायला रांग असते.

खरं तर मागण्या लिहायला बसले होते. चार होत्या: मुलीच्या ऑपरेशनचा खर्च, मशिनं हलवणं, रिंग उचलणं, सहा नंबरचे सहा बॉल. सिंथेटिकचं नाव मी आता काढत नाही. आधीच्या सात अर्जांवर एकच उत्तर आलं होतं, "सदर काम पूर्ण झाल्याचे संबंधित यंत्रणेने कळविले आहे." या पत्रावरही तेच येईल. आमच्या खेळात चोवीस सेकंदांत शॉट घेतला नाही तर बॉल समोरच्या टीमकडे जातो. अडीच वर्षं झाली. आता बॉल आमच्याकडे समजा.

रविवारी सकाळी पावणेसहाला आम्ही ते हवेत चालायचं मशीन खोलणार आहोत. बेसलाइनजवळचं तेवढंच, बाकीची पाच राहू देत. चार बोल्ट आहेत, एकोणीसचा पाना लागतो, शेजारच्या गॅरेजवाल्याने दिलाय. मशीन फलकाखाली नीट झाकून ठेवू, पावतीसकट घेऊन जा. सरकारी मालमत्तेचा गुन्हा दाखल करायचा झाला तर माझ्या एकटीवर करा. मुलींची नावं त्यात आली तर पोलीस भरतीचं व्हेरिफिकेशन अडकतं, आणि तिघी भरतीची तयारी करतायत.

खाली नाव लिहीत नाही, जूनच्या ऑर्डरची भीती अजून गेलेली नाही. रविवारी आलात तर पाना हातात असलेली बाई दिसेल, तीच मी.

आपली,
मुलींना बास्केटबॉल शिकवणारी