ती सोनेरी लायका घेऊ नकोस

प्रिय पम्या,

तुला तो माणूस जो जुना कॅमेरा विकतोय त्याचा तू पाठवलेला फोटो बघितला, आधी हसलो आणि मग म्हटलं मेसेजमध्ये हे मावायचं नाही, नीट पत्रच लिहू. अरे ती सोनेरी, गरुडवाली, 'बर्लिन १९३६' कोरलेली लायका आहे ना, ती जर्मन लायकाच नाहीये. फेड नाहीतर झोरकीवर, म्हणजे लायकाच्या सोव्हिएत नकलांवर, कोणीतरी मागाहून कोरकाम करून वर सोनेरी मुलामा दिलाय. लेन्स काढ आणि आत वरच्या बाजूला बघ, रेंजफाइंडरची (अंतर जुळवून फोकस करायच्या यंत्रणेची) एक दांडी दिसेल. तिच्या टोकाला छोटं गोल चाक असेल तर लायका, चपटा तिरका तुकडा असेल तर रशियन.

हे मला कसं माहीत? इथे बर्लिनला आलो त्या पहिल्याच वर्षी जुन्या बाजारात अशीच एक काळी घेतली होती, साडेतीनशे युरोला. बायकोला दीडशे सांगितले, ते अजून दीडशेच आहेत, तू पचकू नकोस.

पण त्या रागातच वाचत गेलो आणि अडकलो. ही फेड म्हणजे युक्रेनमधल्या खारकीव्हची, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख झेर्झिन्स्की, त्याच्या नावाचं कम्यून होतं तिथली. अनाथ, रस्त्यावरची पोरं, मकारेंको नावाचा शिक्षक त्यांना सांभाळायचा. ती पोरं आधी इलेक्ट्रिक ड्रिल बनवायची आणि मग १९३२ मध्ये समोर लायका ठेवून कॅमेरा बनवायला बसली! १९३४ पासून रीतसर उत्पादन. माझ्याकडे आता युद्धाआधीची एक आहे, तिच्यावर दुसऱ्या फेडची लेन्स चढवली तर सगळा रोल धूसर आला, मला वाटलं लॅबनं घाण केली. तर तेव्हा लेन्स ते फिल्म अंतराचं माप ठरलेलंच नव्हतं, प्रत्येक लेन्स तिच्या-तिच्या बॉडीला जुळवून बसवलेली. म्हणजे एका अर्थी प्रत्येक कॅमेरा प्रोटोटाइपच, पहिला चाचणीचा नमुनाच की.

खऱ्या प्रोटोटाइपचं वेड इथूनच लागलं. लेनिनग्राडला गेल्गार नावाच्या इंजिनियरनं 'गेल्वेता' कॅमेरा केला, त्याचाच पुढे 'स्पोर्ट' झाला, आणि ३५ एमएमचा पहिला एसएलआर (आरशातून थेट लेन्समधलं चित्र दाखवणारा कॅमेरा) हा की १९३६ चा जर्मन एक्झाक्टा, यावर लोक अजून हातघाईवर येतात. मी गेल्वेताच्या बाजूचा, पण पुराव्यानं नाही, नुसत्या प्रेमानं. मग 'वोल्गा'. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियनांनी जर्मन झाइस कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून उचलली, पण नेण्याआधी जर्मन कारागिरांकडून तिथेच थोडे कॅमेरे करून घेतले, त्यातल्या काहींवर हे नाव. नंतर १९४७ पासून तोच कॅमेरा कीव्ह शहरातल्या आर्सेनाल कारखान्यात 'कीव्ह' म्हणून निघायला लागला आणि सुरुवातीच्या कीव्हच्या पोटात जर्मन पार्ट सापडतात. असलं काही आपल्या बजेटमध्ये नाही, स्वप्नात बघायचं.

गेल्या महिन्यात मात्र एका म्हाताऱ्या कलेक्टरनं 'ट्रायलचा पीस' म्हणून एक बॉडी हातात दिली. नंबर नाही. शटर डायलवरचे आकडे हातानं ठोकलेले, १०० मधलं शेवटचं शून्य जरा खाली घसरलेलं, आतल्या पट्टीवर कानशीचे ओरखडे तसेच. मी दहा मिनिटं नुसता ते शून्य बघत बसलो, कोणाचा तरी हात हलला असणार ना. आणि लगेच दुसरा विचार आला की नंबर नसणं हे तर नक्कल करायला सगळ्यात सोपं, घासून काढला की झाला प्रोटोटाइप. कागद काहीच नाही, कारखान्यात ट्रायल पीसला कोण पावती करणार. शेवटी नाही घेतला. पण रात्री झोपताना अजून ते शून्य आठवतं, पुढच्या शनिवारी परत जाणारे, बघू.

तुझ्या त्या माणसाला लेन्स काढायला लाव आणि आतला फोटो पाठव. नाही काढू दिली तर सरळ उठून ये. आणि दोन-तीन हजारात देत असेल तर घेऊन टाक, झोरकी म्हणून, मस्त चालते.

तुझा,
बंड्या