रावपुऱ्याचा निमुळता टॉवर

दांडिया बाजार, बडोदे

चि. मनू हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दिवसभर तक्ते भरून तुझ्यातली कल्पकता आटली, असे तू लिहिलेस, आणि तेव्हापासून मला तुझे तिसरीतले एक चित्र आठवते आहे. रावपुऱ्यातला १८९६ सालचा घड्याळाचा टॉवर तू काढला होतास. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला आणि थोडा मागे कललेला. मी पट्टी घेऊन त्याच्या दोन्ही कडा सरळ केल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी, गर्दीत स्कूटर थांबलेली असताना मान वर केली, तेव्हा टॉवर मला अगदी तुझ्या चित्रातल्यासारखा दिसला. तू स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभी राहून जे पाहिलेस तेच काढले होतेस, आणि मी मात्र टॉवर कसा असतो हे आधीच ठरवून बसलो होतो.

सर्जनशीलता म्हणजे चित्रकला किंवा कविता, हा समज काढून टाक. समोरची वस्तू जशी दिसते तशी धीराने पाहणे आणि हाताशी असलेल्या सामानातून तिची नवी जुळणी करणे, एवढाच मी तिचा अर्थ धरतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या आपल्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले, तेव्हा १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रीकरण करत त्याचा वेल होईपर्यंतची वाढ पडद्यावर आणली. कुंडी, वाटाणा आणि कॅमेरा, एवढेच सामान होते. मला मोठे वाटते ते रोज त्या कुंडीपाशी जाऊन बसणे.

ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज विचारवंतांनी १९२६ साली नव्या कल्पनेच्या चार पायऱ्या मांडल्या: तयारी, मुरणे, स्फुरणे आणि पडताळणी. त्यांतली दुसरी पायरी आपण सगळेच गाळतो. तुझ्या आजीने मात्र ती कधी गाळली नाही. गोधडी शिवायला घेण्याआधी ती जुन्या लुगड्यांचे तुकडे माजघरात जमिनीवर मांडायची, ते तसेच ठेवून झोपायला जायची आणि सकाळी चहाचा कप हातात घेऊन दारातूनच त्यांच्याकडे पाहायची. एखादा हिरवा तुकडा उचलून कोपऱ्यात न्यायची, तिथला मधे आणायची. तिच्या मनासारखे जुळेपर्यंत, कधी कधी तीन-चार दिवस, आम्ही सारे भिंतीच्या कडेकडेने चालायचो. नंतर धावदोरा घालायला बसली की तिचा हात थांबत नसे. त्या गोधडीला कोणी कला म्हटले नाही, तिनेही म्हटले नाही. पण कापड मोजकेच असल्यामुळे तिची नजर अधिक बारकाईने चालायची, हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून नोकरी सोडून काही मोठे करावे, असे मी तुला सांगणार नाही. संध्याकाळची वीस मिनिटे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून एखाद्या कामाला दे. मग ते भाजी नव्या तऱ्हेने करणे असो, खिडकीतले झाड रोज काढणे असो किंवा ज्या तक्त्यांनी तुला वीट आणला आहे त्यांचीच सोपी मांडणी शोधणे असो. काम अर्धे राहिले तर आवरून ठेवू नकोस, डोळ्यांसमोर राहू दे. आणि ज्या दिवशी केलेस त्या दिवशी त्याला चांगले-वाईट म्हणू नकोस. तपासणीलाही तिची वेळ असते, पण ती फार लवकर आली की काय होते ते मी तुझ्या चित्रावर करून दाखवलेच आहे.

ते चित्र कपाटात सापडले, या पाकिटात पाठवत आहे. माझ्या रेघा खोडरबराने पुसल्या, तरी कागदावर त्यांचे वळ राहिले आहेत. दिवाळीला आलीस की आपण रावपुऱ्यात जाऊ. तू नेमके कुठून पाहिले होतेस, ती जागा मला दाखव.

तुझे,
बाबा