रबर स्टँप म्हणणं सोपं आहे
संपादक महोदय,
परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये एक काका वडापाव खात ठासून सांगत होते की राष्ट्रपती म्हणजे नुसता रबर स्टँप, आणि आजूबाजूचे सगळे माना डोलावत होते. अहो, मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असतो हे कबूल, पण तो एकदा परत पाठवता येतो की! १९९७ला तेव्हाचे राष्ट्रपती नारायणन यांनी यूपीत राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत धाडली आणि सरकारने गपचूप गुंडाळली. त्यांच्या आधी राष्ट्रपती असलेल्या झैलसिंगांनी तर टपाल विधेयकावर ना सही केली ना ते परत पाठवलं, ठेवून दिलं तसंच, कारण सही किती दिवसांत करायची ते घटनेत लिहिलेलंच नाहीये. काकांना हे सांगणार तोवर घणसोली आलं आणि ते उतरले पण.
– एक प्रवासी, ठाणे