सोळा ओळींचा हिशेब

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

"बँकेतून रिटायर झालास आणि आता रॅप?" म्हणून फोनवर खो खो हसलास. म्हणून हे सविस्तर.

वस्तीतल्या वाचनालयात शनिवारी दहा-बारा पोरं येतात. पहिल्यांदा मी फळ्यावर जमाखर्च आणि चक्रवाढ व्याज मांडलं. जांभया. आठवड्याच्या हिशेबाच्या वह्या आल्या, त्या साधुसंतांच्या: वडापाव, वही, बसभाडं. आणि पायात चार हजारांचे बूट! ओरडणारच होतो. पण ताडीवाला रोडवरून निघालेला त्यांचा लाडका रॅपर एमसी स्टॅन ऐंशी हजारांच्या बुटांवरून देशभर गाजला. बुटांना नावं ठेवली की पोरालाच ठेवल्यासारखं होतं.

मग फळ्यावर न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स आणलं. ११ ऑगस्ट १९७३, १५२० सेजविक अव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेलला शाळेत चारचौघींकडे नसतील असे कपडे हवे होते. तिने इमारतीतला हॉल घेतला, हाताने आमंत्रणं लिहिली, रेकॉर्ड वाजवायला भावाला, म्हणजे डीजे कूल हर्कला, उभं केलं. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रॅप ज्यातलं, त्या हिपहॉपचा जन्म याच पार्टीतला मानतात.

"म्हणजे सर, सगळं कपड्यांसाठीच?"

हो. पण हप्त्यावर नाही.

मग पोरांनीच विचारलं, हॉलचं भाडं सुटायला किती डोकी लागली असतील? तासभर तेच. (मुलांना दुप्पट तिकीट का, यावरून भांडणही झालं.) अमेरिकेतला बडा रॅपर एमसी हॅमर, त्याने १९९६ मध्ये दिवाळं काढलं, हे सांगितल्यावर मात्र सगळे गप्प.

खरी गंमत पुढच्या शनिवारी. वह्या बंद केल्या आणि सांगितलं, गेल्या महिन्याचे पैसे कुठे गेले त्यावर रॅपच्या सोळा ओळी लिहा. वहीत थापा मारणारी ही पोरं रॅपमध्ये मारत नाहीत. तिथे फेकलं की बाकीचे हुर्यो करतात. एकाने मोबाइलचा हप्ता चुकल्याचं लिहिलं: बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि तो भरायला आईने भिशी लवकर उचलली. यमक बेताचं होतं, हिशेब पैशापैशाचा. आईचा भाग त्याने खाली बघून म्हटला.

आता मलाही सोळा ओळी लिहायला सांगितल्यात. अकरावीत फीचे पैसे मोडून मी जीन्स घेतली आणि माझ्या वडिलांसमोर तू शपथेवर खोटं बोललास, तेच लिहितोय. शनिवारी ये. साक्षीदार लागेल, आणि 'जीन्स'ला यमक सापडत नाहीये.

तुझा,
अण्णा