रिमोट अण्णांच्या हातात दिलास

प्रिय दादा,

"काकू, माझं नाव लिहू नका," म्हणालास, म्हणून नुसतं दादा लिहिते. वयाने तू माझ्या मुलाएवढा. पण शनिवारी सिनेमा दाखवताना तू जे केलंस ते आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. तेव्हा तोंडावर आभार मानायला गेले तर घसा भरून आला, आणि तू चप्पल घालून माझ्या वडिलांना, अण्णांना, जिना उतरवायला आधीच पुढे गेला होतास.

व्हिएतनाम युद्धाबद्दलचे अमेरिकन सरकारचे गुप्त कागद लोकांसमोर आणणारे डॅनियल एल्सबर्ग १६ जून २०२३ ला गेले. त्या बातमीचं कात्रण अण्णांनी पंचांगात जपून ठेवलंय. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा होता, 'या माणसावरचा सिनेमा मला बघायचाय.' ज्युडिथ एर्लिक आणि रिक गोल्डस्मिथ यांचा २००९ चा माहितीपट, 'द मोस्ट डेंजरस मॅन इन अमेरिका'. राष्ट्राध्यक्ष निक्सनचे सल्लागार किसिंजर यांनी एल्सबर्गना दिलेलं ते नाव. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, सातारला झेरॉक्सचं दुकान चालवलेल्या माणसाला व्हिएतनामचं एवढं काय, असं मलाही वाटायचं.

तुझ्याआधी एका मंडळाच्या खेळाला त्यांना घेऊन गेले होते. अण्णांना डाव्या कानाने ऐकूच येत नाही, उजव्याने थोडं येतं, आणि इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पडद्यावरून जातात. त्यांनी दोनदा मला "काय म्हणाला?" विचारलं. मागून शुक् शुक् झालं. मग आयोजक वाकून म्हणाले, "आजोबांना घरीच मोबाईलवर दाखवा ना." अण्णा उठले, काठी शोधली आणि अंधारातच चालायला लागले. रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. ज्यांनी सभ्य समाज, मोकळा विचार वगैरे छापलेली पत्रकं दारात वाटली, त्यांना एका म्हाताऱ्यासाठी दोन मिनिटं जड झाली. हे मी विसरणार नाही.

आणि तू काय केलंस? अण्णांना पुढच्या खुर्चीत बसवलंस, स्वतः त्यांच्या उजव्या हाताला जमिनीवर बसलास आणि रिमोट त्यांच्या हातात दिलास. बटणावर त्यांचा अंगठा टेकवलास. "आजोबा, वाटेल तिथे थांबवा. कुणालाच घाई नाही." एवढंच. दीड तासाच्या सिनेमाला साडेतीन तास लागले. खोलीतल्या बाकीच्या सहा जणांपैकी एकानेही घड्याळ बघितलं नाही.

अण्णांनी पहिल्यांदा थांबवलं ते एल्सबर्गनी चोरून झेरॉक्स काढलेल्या कागदांच्या आकड्यावर. सात हजार पानं! "म्हणजे चौदा रिम," ते लगेच म्हणाले. "तेही १९६९ चं मशीन. एकेक पान काचेवर ठेवायचं, झाकण पाडायचं, उजेड गेला की उचलायचं. रात्रभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात." तेरा वर्षांचा मुलगा बापाला मदत करत होता, धाकटी मुलगी कात्रीने 'टॉप सिक्रेट'ची पट्टी कापत होती, हे तू सांगितलंस तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते. मीही त्या वयात दुकानात पानं लावायला बसायचे.

संरक्षणमंत्री मॅक्नमारांनी करवून घेतलेला व्हिएतनामवरचा अहवाल, चार राष्ट्राध्यक्षांनी लोकांना अंधारात ठेवलेलं, १३ जून १९७१ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आलं, ते सगळं अण्णांनी न थांबवता बघितलं. एल्सबर्गना ११५ वर्षांची शिक्षा होऊ शकली असती आणि सरकारचेच उद्योग उघडे पडल्यामुळे १९७३ मध्ये खटला निकालात निघाला, तिथेही नाही. मग एकदम बटण दाबून त्यांनी विचारलं, "मशीन कुणाचं होतं?"

कुणाच्याच डोक्यात न आलेला प्रश्न. "नंतर सांगतो," असं तू म्हणाला नाहीस. मोबाईल काढून शोधलंस. एल्सबर्गचे साथीदार टोनी रुसो, त्यांची मैत्रीण लिंडा सिने, लॉस एंजेलिसमध्ये तिची छोटी जाहिरात एजन्सी, मशीन तिथलं. वय सव्वीस. "आणि ती हो म्हणाली?" अण्णांनी विचारलं. "हो म्हणाली," तू म्हणालास.

मग अण्णा बोलले. १९८८ साल. दुकान बंद करायच्या वेळेला एका कचेरीतला कारकून पिशवीत फाईल घेऊन आला. जमिनीचे कागद, त्यात कुणी काय खाल्लं ते. "आज रात्रीच काढून द्या, सकाळी फाईल जागेवर ठेवायचीय." अण्णांनी पहिलं पान वाचलं, खालची सही ओळखली आणि म्हणाले, "मशीन बंद आहे." मशीन गरम होतं. काचेवर हात ठेवला असता तरी त्या माणसाला कळलं असतं. तो फक्त "बरं" म्हणाला, पिशवीची गाठ मारली आणि गेला. पुढे त्याची बदली झाली एवढंच कानावर आलं.

हे आईलासुद्धा माहीत नव्हतं, दादा. ती गेली तरी माहीत नव्हतं.

तू त्यांची समजूत घातली नाहीस. "तुमची काय चूक" असंही म्हणाला नाहीस. पाण्याचा पेला पुढे केलास आणि रिमोट त्यांच्याच हातात राहू दिलास. बऱ्याच वेळाने त्यांनीच बटण दाबलं. माणूस चांगला म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर तो पेला आणि ते थांबणं मी सांगेन. धावपळीत सगळे मदत करतात रे, फोटोही काढतात. थांबणारा माणूस विरळा.

कालपासून अण्णांनी नवा हट्ट धरलाय. त्या कारकुनाचं आडनाव त्यांना आठवतं, पेठही आठवते. येत्या गुरुवारी सातारला जायचंय, तो असेल तर त्याला, नसेल तर घरच्यांना भेटायला. मी गाडी सांगितली आहे. पुढच्या सीटवर अण्णा बसतील, मागे एक जागा रिकामी आहे. तू येशील का, असं त्यांनी विचारायला सांगितलंय.

तुझी,
काकू