पाऊस कादंबरीतलाच!

महोदय,

अभिजात प्रेमकादंबरीवर धीट चित्रपट आला की 'दिग्दर्शकाने पुस्तक नासवले' ही ओरड ठरलेली. ओरडणाऱ्यांपैकी कितींनी ते पुस्तक उघडलेले असते, देव जाणे! डी. एच. लॉरेन्स यांची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' घ्या. पडद्यावर मालकीणबाई कॉनी आणि तिच्या नवऱ्याचा रानरखवालदार मेलर्स भर पावसात विवस्त्र धावतात, तो पाऊस कादंबरीतलाच. अंगावर खोवलेली रानफुलेही तिथलीच. १९२८ मध्ये ती फ्लॉरेन्समध्ये खासगीरीत्या छापावी लागली आणि १९६० मध्ये पेंग्विन या प्रकाशनसंस्थेला लंडनच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला लढावा लागला, तो काही उगाच नव्हे.

माझी तक्रार वेगळीच आहे. मेलर्स मनात आले की साहेबी इंग्रजी सोडून डर्बीशायरच्या बोलीत शिरतो. मालकीणबाई आणि नोकर यांच्यातली सगळी ओढाताण त्या बोलीत आहे, कोळशाच्या खाणींची काजळीही आहे. चित्रपटवाल्यांना मात्र शय्यागृह दिसते, खाण नाही. उरते काय, तर छान उजेडातली दोन सुंदर शरीरे. मग ती कुणाचीही असोत!

शृंगाराला कपडे उतरवावेच लागतात असेही नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या २००५ च्या चित्रपटात नायक डार्सी नायिका एलिझाबेथला हात देऊन घोडागाडीत चढवतो आणि वळून जाताना त्याच हाताची बोटे ताणतो. जेमतेम दोन-तीन सेकंद. हा क्षण जेन ऑस्टेन यांनी लिहिलेला नाही, तरी तो त्यांच्या कादंबरीत चपखल बसतो.

— एक वाचक