मोतिया रंगाचा केक : काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही ‘कसले आभार, चहा टाक’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. दुसरे कारण असे की, घरी केक करून विकणाऱ्या माझ्या ओळखीच्या चार-पाच जणी सध्या मला ‘कॅमेरा कोणता घेतलास?’ असे विचारतात आणि नुसते कॅमेऱ्याचे नाव सांगून त्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही, हे मला तुमच्यामुळे कळले आहे.

मी तुमच्याकडे आले ती एका गिऱ्हाइकाशी वाजल्यानंतर. त्या बाईंनी नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी माझ्या फोनमधला एक फोटो पाहून केक सांगितला होता आणि खोका उघडताच त्या म्हणाल्या, ‘मी मोतिया रंगाचा सांगितला होता, हा पांढराफटक कसा?’ फोटोतला केकही पांढराच होता. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली रात्री अकरा वाजता काढल्यामुळे तो मोतिया दिसत होता, पण हे दारात उभे राहून कोणाला पटवून देणार? दीडशे रुपये कमी घेतले आणि त्याच रात्री ठरवले की, भिशीचे साठ हजार हातात आलेच आहेत, तर उद्या चांगल्यातला चांगला कॅमेरा आणायचा. तसे आपल्या गिरगावातल्या चाळीत कोणाचे काही लपून राहत नाही. सकाळी नळावरच तुम्ही म्हणालात, ‘कॅमेरा मागाहून. आधी केक घेऊन खिडकीत ये.’

दादरच्या स्टुडिओत तुम्ही तीस वर्षे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढलेत, त्यामुळे तुम्ही मला लगेच कॅमेऱ्यांची माहिती सांगाल असे वाटले होते. त्याऐवजी तुम्ही पंधरा दिवस मला माझ्याच फोनवर, माझ्याच खिडकीत राबवलेत. आमची खिडकी पूर्वेची, सकाळचे ऊन थेट आत येते आणि क्रीमवर पडले की एका बाजूला चकाकी, दुसऱ्या बाजूला काळी सावली. तुम्ही घरून तुमचे जुने पांढरे धोतर आणून गजांना बांधलेत, आणि केकच्या दुसऱ्या बाजूला, मखरांच्या थर्माकोलवर बंदी येण्यापूर्वीचा एक जपून ठेवलेला तुकडा उभा केलात. ऊन धोतरातून गाळून आले, थर्माकोलवर आपटून सावलीच्या बाजूला परतले, आणि नोझलने काढलेल्या गुलाबाची पाकळी न् पाकळी सुटी दिसू लागली. घरातला पिवळा दिवाही तुम्ही बंद करायला लावलात, कारण उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा; तो दिवा साधारण २७०० ते ३००० केल्विनचा आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपासचा. दोन्ही एकाच फोटोत आले तर कोणताही कॅमेरा गोंधळणारच. माझे निम्मे दुखणे एकही रुपया खर्च न होता तिथेच बरे झाले होते, हे आज मान्य करते. त्या वेळी मात्र मी मनातून तुमच्यावर वैतागले होते.

उरलेले निम्मे तुम्ही दोन स्टीलच्या डब्यांवर दाखवलेत. मोठ्या डब्यावर लहान डबा ठेवून त्याला दोन थरांचा केक समजायचे आणि फोन वीतभर अंतरावर, जरासा वरून धरून फोटो काढायचा. फोटोत वरचा लहान डबा खालच्याएवढाच दिसला आणि तळ निमुळता झाला. फोनची लेन्स रुंद कोनाची असते, म्हणून केक चौकटीत भरण्यासाठी फार जवळ जावे लागते आणि जवळचा भाग फुगतो. दूर उभे राहूनही केक चौकटीत भरेल अशी लेन्स पाहिजे, म्हणजेच कॅमेऱ्यापेक्षा लेन्सची निवड आधी करायची, हे तुम्ही सांगितलेत. ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स (मिलिमीटरचा आकडा मोठा तितका कोन अरुंद; एफचा आकडा लहान तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते) तुम्ही त्याच दिवशी पक्की केलीत आणि टेप घेऊन आमची खोलीही मोजलीत. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती. लहान सेन्सरच्या, ज्याला एपीएस-सी म्हणतात त्या कॅमेऱ्यावर ही लेन्स मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरवरच्या ८० मिलिमीटरच्या लेन्सएवढा अरुंद कोन देते, सव्वा मीटरवरून चौकटीत साधारण अर्धा मीटर मावते, आणि तेवढे मागे सरकायला आमच्याकडे कपाटापर्यंत जेमतेम जागा होती.

फोर्टातल्या बोरा बाजारात आपण कॅमेरा घ्यायला गेलो, ती दुपार मात्र मी विसरणार नाही. पहिल्या दुकानात (नाव घेत नाही) विक्रेत्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा काउंटरवर ठेवला. तुम्ही शांतपणे विचारलेत, ‘हिचे फोटो लोक फोनवर पाहणार. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा होतो, इंचाला ३०० ठिपके धरून छापला तरी वीस इंच रुंद निघतो. ही काय केकचे होर्डिंग लावणार आहे?’ त्यावर त्याने आपल्याला बसायला दिलेले स्टूल परत मागितले. दोन दुकाने सोडून कॅननचा २०१७ साली आलेला २०० डी जुन्यात मिळाला. त्याचा स्क्रीन बाहेर काढून फिरवता येतो, म्हणजे वरून फोटो काढताना मला खुर्चीवर चढावे लागणार नाही, ही गोष्ट माझ्या उंचीकडे पाहून तुमच्याच ध्यानात आली.

जुना माल कसा पाहायचा तेही तेव्हाच शिकले. शटर आजवर किती वेळा उघडले याचा आकडा तुम्ही मागून घेतलात, एफ १६ वर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढून सेन्सरवर धुळीचे ठिपके आहेत का ते पाहिलेत, आणि मग माझ्याकडच्या डब्यातला कपकेक काउंटरवर ठेवून, लेन्स लावून, खऱ्या परीक्षेला बसवलात. परीक्षा झाल्यावर कपकेक दुकानातल्या पोऱ्याने खाल्ला आणि त्याच आनंदात त्याने एक जादा बॅटरी स्वस्तात काढून दिली. जुना कॅमेरा, नवी लेन्स आणि ट्रायपॉड मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत आटोपला. उरलेल्या पैशांत मोठा ओव्हन आला, ज्यात आता एक किलोचे दोन केक एका वेळी भाजतात.

घरी आल्यावर मी जी चूक केली ती या पत्रात लिहिलीच पाहिजे. लेन्स एफ १.८ ची आहे म्हटल्यावर आठवडाभर मी सगळे फोटो १.८ वरच काढले. मागचे सगळे धूसर, पुढचा एक गुलाब लखलखीत, मी खूश. तुम्ही चष्मा वर करून विचारलेत, ‘नाव काय लिहिले आहेस केकवर? वाचून दाखव.’ नाव वाचता येत नव्हते. सव्वा मीटरवरून १.८ ला जेमतेम चार सेंटिमीटर खोलीपर्यंतच स्पष्ट दिसते आणि अर्ध्या किलोचा केकच पंधरा सेंटिमीटरचा असतो, म्हणून लेन्सचे तोंड लहान करून जास्त खोलीपर्यंत स्पष्ट दाखवणारा एफ ८ पाहिजे. एफ ८ ला उजेड कमी आत येतो, म्हणून शटर सावकाश. शटर सावकाश, म्हणून हात नको, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. ही साखळी तुम्ही इतक्या वेळा म्हणून घेतलीत की, ती मला आता पाढ्यांसारखी पाठ आहे.

पांढरा केक करडा का येतो, हेही असेच उलगडले. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम करडी आहे असे धरून चालतो, म्हणून व्हिप्ड क्रीमचा केक त्याला फार उजळ वाटतो आणि तो फोटो काळवंडवतो. तिथे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवायचा आणि चॉकलेट ट्रफलला उलट कमी करायचा. रंगासाठी पांढरा कागद केकच्या जागी धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरे कशाला मानायचे ते, आधी पक्का करायचा. हे सुरू केल्यापासून रंगावरून एकही तक्रार आलेली नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमचे ऐकलेले नाही, तेही सांगून टाकते. तुम्ही प्रत्येक फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर तयार करावा लागणाऱ्या कच्च्या रूपात, काढ म्हणता, पण दिवसाला तीन केक, दोन मुले आणि सासूबाईंचे पथ्य सांभाळून ते फोटो संगणकावर बसून धुणे मला जमत नाही. रोजचे मी जेपेगमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार निघणाऱ्या रूपात, काढते. व्हिडिओही अजून फोनवरच काढते, त्यावर तुम्ही नाक मुरडता ते दिसते मला.

पावसाळ्याची सूचना मात्र तंतोतंत पाळली. तुमच्या जुन्या लेन्सवर बॅटरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली बुरशी तुम्ही दाखवलीत, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. माझा कॅमेरा जुलैपासून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह आहे, आणि त्या डब्यावर ‘चकली नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे लागले आहे.

त्या मोतियावाल्या बाई मागच्या महिन्यात नातीच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी परत आल्या होत्या. नवे फोटो पाहून त्यांनी एकावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘हा, पण मोतिया रंगात.’ या वेळी खरोखरच मोतिया केला.

तुमचे धोतर अजून आमच्याच खिडकीला आहे. त्यावर स्ट्रॉबेरी क्रशचा डाग पडला आहे आणि तो दोनदा धुऊनही गेलेला नाही, म्हणून ते परत द्यायला मला संकोच वाटतो. गुरुवारी नवे घेऊन येते, सोबत बिनअंड्याचा केळ्याचा केकही असेल. कृपया या वेळी तरी नाही म्हणू नका.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची केकवाली